आधी पाय बघतो

हेल्मेट तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझं काम तसं साधं. देहदानातून आलेल्या शरीराच्या डोक्यावर हेल्मेट बसवायचं आणि वरून वजन सोडायचं. कवटीला कुठे तडा गेला ते साहेब बघतात. चेहरा झाकलेलाच असतो. हा कुणाचा कोण, असा विचार करत बसलं तर नोकरी होत नाही, म्हणून मी कधी केला नाही.

पेणकरपाड्यात घरी आता बाबा आणि मी, दोघंच. धाकटा भाऊ काशिमीऱ्याच्या नाक्यावर अपघातात गेला, तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. रस्त्यावर घेतलेलं, मधोमध तडकलेलं. बाबांनी ते अजून माळ्यावर ठेवलंय. मला त्याचा राग येतो, पण टाकवतही नाही.

गेल्या महिन्यात चहा पिताना बाबा म्हणाले, "तुमच्याकडे बॉडी लागते ना रे? तुझा दोस्त बोलला. माझी घ्या."

"सकाळी सकाळी भलतंसलतं काय बोलताय?"

"तू हो बोलल्याशिवाय नेणार नाहीत, म्हणून विचारतोय."

मी भडकलो. त्यांना घाबरवायचं म्हणून सगळं सांगितलं, हाड मोडताना कसा आवाज येतो तेसुद्धा. बाबांनी शांतपणे बिस्कीट बुडवून खाल्लं.

"त्यानं हेल्मेट सुधारतं?"

"सुधारतं," मी म्हणालो. खोटं बोलायला हवं होतं.

"मग झालं तर. अग्नी तूच देणार होतास ना? ते वजनही तूच सोड. परक्याच्या हातून नको."

मी कप विसळायला उठलो.

बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नख नाही. भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात प्रेसचा साचा पडून तो चेपला होता. चहाच्या वेळच्या त्या बोलण्यापासून नवं शरीर आलं की मी आधी पायांवरची चादर उचलतो. बाबा घरी ठणठणीत आहेत हे ठाऊक असतं, तरी उचलतो.

काल आलेल्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याला नख नव्हतं. डाव्या. तरी मी काम तसंच टाकलं. बाहेर जाऊन घरी फोन लावला.

"काय रे, ठरलं का तुझं?" बाबांनी विचारलं.

"ठरलं. मीच सोडेन."



"बरं झालं," ते म्हणाले. "येताना दही आण."