माल्यात झालेलं स्वातंत्र्याचं शूटिंग

चित्रपट पडला की त्याचे किस्से जास्त टिकतात, असा माझा अनुभव आहे. साठ सालाच्या आगेमागे आमचा स्वातंत्र्यलढ्यावरचा एक चित्रपट पुण्यात लागला आणि आठवडा पुरा व्हायच्या आत उतरलाही. पण मुळशीतल्या माले गावात केलेल्या त्याच्या शूटिंगच्या गोष्टी आम्हा युनिटवाल्यांच्या चहाबरोबर अजून निघतात. मी त्यात तिसरा असिस्टंट होतो, म्हणजे गर्दी जमवणारा. दिग्दर्शकांना सगळे अण्णा म्हणायचे.

*

गर्दीला तोटा नव्हता. अख्खं माले सत्याग्रही व्हायला तयार होतं. पोलीस व्हायला मात्र कोणी पुढे येईना. गोऱ्या सरकारचा शिपाई म्हणून पडद्यावर दिसलो तर माझ्या पोराला मुलगी कोण देईल, असं एकाने तोंडावर विचारलं. शेवटी बापू नावाचा पैलवान गडी कबूल झाला, तोही बूट घालायला मिळणार म्हणून. त्याच्यामागून त्याच्या तालमीतले आणखी काहीजण आले.

*

दुपारी बापूची बायको भाकरी घेऊन आली. खाकीतल्या नवऱ्याकडे तिने एकदा पाहिलं आणि सरळ पुढे जाऊन सत्याग्रह्यांना वाढायला लागली. बापू मागे मागे. ती एवढंच म्हणाली, "आदी ती कापडं उतरवा."

कपडे उतरवायला अण्णांची परवानगी नव्हती. बापू त्या दिवशी युनिटची पुरीभाजी जेवला.

*

शॉटच्या आधी माणसांच्या मनात देशप्रेम जागवायचं, ही अण्णांची पद्धत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी भरल्या आवाजात विचारलं, "बाबा, देशासाठी तुम्ही काय द्याल?"

मावळात 'देश' म्हणजे डोंगर संपले की पूर्वेला लागतो तो सपाट मुलूख, हे अण्णांना कुठलं ठाऊक!

म्हाताऱ्याने जरा विचार केला. "देशावर पोरगी दिलीया की, बारामतीकडं," तो म्हणाला. "आता दुसरी न्हाई."

*

मग झेंड्याचा शॉट. गोरा साहेब झाला होता पुण्यातला एक घाऱ्या डोळ्यांचा कारकून. त्याने सत्याग्रह्याच्या हातातला झेंडा हिसकावून जमिनीवर फेकायचा होता. पहिल्या टेकला झेंडा खाली पोचायच्या आत गर्दीने झेलला. अण्णांनी सगळ्यांना समजावलं, की तो पडला तरच बघणारे पेटून उठतील. दुसऱ्या टेकला सत्याग्रही जागचे हलले नाहीत. साहेबाने झेंडा फेकला, आणि काठी टाकून बापूनेच झेप घेतली.

"अरे, तू पोलीस आहेस ना?" अण्णा म्हणाले.

"व्हय," बापू म्हणाला, "पर त्यो खाली पडत हुता."

तिसरा टेक अण्णांनी घेतलाच नाही. चित्रपटात तोच शॉट आहे.

*

शेवटच्या दिवशी लाठीमार होता. जमाव रस्त्यात बसलेला, पोलीस काठ्या उगारून धावतात आणि जमाव पांगतो, असा प्रसंग. काठ्या पोकळ, वर कापूस गुंडाळलेला. शिट्टी झाली, पोलीस धावले, माणसं पळाली. रस्त्याच्या मधोमध सोनाबाई नावाची एक म्हातारी तेवढी बसून राहिली.

वाटलं, तिला शिट्टी ऐकू गेली नसेल. मी जाऊन सांगून आलो. पुन्हा शिट्टी, पुन्हा धावपळ. सोनाबाई पुन्हा तिथंच. पोलीस झालेली पोरं काठ्या वर धरून तिच्याभोवती अवघडून उभी.

एवढ्यात गावातल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, की मुळशीचं धरण बांधायला घेतलं तेव्हा इथल्या लोकांनी सत्याग्रह केला होता. सोनाबाईचं सासर त्या पाण्याखाली गेलं. तेव्हा ती तरणीताठी होती, आणि धरणाचं काम अडवून बसणाऱ्या बायांत होती.

अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि अजिजीने म्हणाले, "आजी, उठा ना. हे सगळं खोटं आहे."

"ठावं हाय," सोनाबाई म्हणाली. "खऱ्या काठीला उठले न्हाई. आता खोट्या काठीला उठू व्हय?"