चार स्पेस आत

ओळीच्या सुरुवातीला किती जागा मोकळी सोडावी, या एका प्रश्नावर आयुष्य ओवाळून टाकलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. आम्ही दोघंही प्रोग्रॅम लिहून पोट भरतो. तो कशेळ्याला घरी बसून, मी लोधिवलीला. मी बसतो तेव्हा काम करतो. साडू बसतो तेव्हा, प्रोग्रॅम ज्यात लिहायचा तो एडिटर आधी सजवतो. मागचा रंग कोणता, अक्षर किती जाड, कर्सर लुकलुकणारा की स्थिर, यात त्याची सकाळ जाते. एकदा त्याला अक्षरांना भाताच्या रोपांचा हिरवा रंग हवा होता, तर हा लॅपटॉप घेऊन थेट बांधावर जाऊन बसला आणि तासाभरानं चिखलाच्या पायांनी परतला. "नाय जमला, दादा," त्यानं मला फोनवर कळवलं, "जरा पोपटीच झाला." आवाज असा, की घरात कुणी आजारी आहे की काय असं वाटावं.

रंगांचं एकवेळ ठीक, पण जागांच्या बाबतीत तो पक्का कर्मठ. आतली ओळ चार स्पेस आतच हवी. कुणी तीन सोडल्या तर त्याला जेवण जात नाही. "एंटर मारला की कर्सरनं गुपचूप आपल्या जागेवर जाऊन बसलं पायजे, पंगतीत बसतो तसं," हे त्याचं ब्रह्मवाक्य. किराण्याची यादीसुद्धा तो तशीच लिहितो: मसाले बाहेर, त्याखाली हळद आणि धणे चार बोटं आत. पळसदरीला सासूबाईंनी एकदा विचारलं, "जावईबापू, दिवसभर काय केलंत?" "आई, सगळ्या ओळी सरळ केल्या." "म्हंजे भातलावणीला माणसं नाय मिळाली म्हणायची," म्हणून ती माउली हळहळली. मीही दहा वर्षं त्याला हसत आलो.

गेल्या वर्षी मधुमेहानं माझ्या डोळ्यांवर घाला घातला. उपचार झाले, पण पांढराशुभ्र स्क्रीन समोर आला की डोळ्यांत कुसळं गेल्यासारखं होई आणि कोणती ओळ किती आत, कुणाच्या पोटातली, तेच कळेना. चुका वाढल्या. अखेर मी राजीनामा लिहून ठेवला आणि फक्त बायकोला सांगितलं. तिनं अर्थातच बहिणीला सांगितलं. शनिवारी सकाळी साडू जीप बदलत बदलत दारात हजर.

"राजीनामा मागाहून द्या, दादा. आदी खुर्चीवर बसा."

दोन दिवस तो माझ्या शेजारून हलला नाही. "हे दिसतं? आन् हे?" डोळ्यांच्या डॉक्टरनंही इतक्या वेळा विचारलं नव्हतं. मागचा रंग ओल्या मातीसारखा गडद झाला, अक्षरं मोठी आणि फिकट पिवळी झाली, आत सरकणाऱ्या प्रत्येक पायरीला वेगळ्या रंगाची पट्टी आली. तरी माझी गफलत होतच होती. मग त्यानं कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि चारच्या आठ स्पेस केल्या.

"आठ? तू?"

"तुमाला चार दिसत नाय ना? मंग आठ."

त्या संध्याकाळी कितीतरी आठवड्यांनी मी एक चूक स्वतः शोधून काढली. राजीनामा फाडला. काम अजून चालू आहे. सावकाश, पण चालू आहे.

परवा कशेळ्याला गेलो, तर साडू कामात होता. त्याच्या स्क्रीनवरही तीच मोठाली पिवळी अक्षरं, त्याच पट्ट्या, त्याच आठ स्पेस. म्हटलं, "अरे, तुझे डोळे तर चांगले आहेत!"

"हायेत की. पन ह्या मांडणीत काय बिघडलं, तर तुमच्या आदी मला कळाया नको?"

एवढं बोलून तो पुन्हा कामाला लागला. मी मागं उभा राहिलो. त्याच्या खांद्यावरून मला प्रत्येक ओळ वाचता येत होती. डाव्या डोळ्यानं जरा अंधूक, पण अजून येत होती.