डोरीनचा दुसरा दिवस

पत्ते वाटून झाले की ती आधी चष्मा पुसायची. मग पानं न उचलता अंगठ्याने फक्त कोपरा वर करायची, एकदाच. पुन्हा बघायची नाही. हॉल कितीही गरम असला तरी कोट काढायची नाही. हरली की वाटणाऱ्याला थँक यू म्हणायची, जिंकली की काहीच नाही. आणि बोली लावण्याआधी मान वर करून समोरच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली बघायची. तिथे काही नव्हतं. मला ते कळायला एक अख्खा हिवाळा लागला. बसमध्ये आरसा तिथे असतो.

डोरीन किविस्टो आमच्या ऑरोरा गावात शाळेची बस चालवायची. सव्वीस वर्षं, एकच रस्ता. लहानपणी मीही त्याच बसने जायचे, पण मैत्री झाली ती खूप नंतर. साहित्याची पदवी घेऊन मी गावात परतले, लायब्ररीत अर्धवेळ लागले आणि रविवारी दुपारी माजी सैनिकांच्या क्लबात पोकर खेळायला जाऊ लागले. तिथे पैसे लागत नाहीत. दर आठवड्याला गुण मिळतात. हिवाळा संपताना ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याला दक्षिणेकडच्या एका कॅसिनोतल्या तीन दिवसांच्या स्पर्धेत जागा मिळते. बारा वर्षांत पाच वेळा ती जागा डोरीनने मिळवली होती. पाचही वेळा ती पहिल्याच दिवशी बाहेर पडली.

"पाच वेळा गेलीस आणि पाच वेळा जेवायला घरी आलीस," बारमागून ऑझी म्हणायचा. "खेळ येतो तुला. नशीब नाही."

"माझं नशीब सोड. तू तीन लग्नं केलीस, तुझं बघ."

"तिन्ही वेळा पानं चांगली होती, डोरीन."

"पानं चांगलीच होती रे. खेळणारा बघ की."

मला सगळे 'कॉलेज' म्हणायचे. ते नावही तिचंच. मांस-बटाटा भरलेली पेस्टी खाता खाता ती मला शिकवायची.

"पानांचं काय, ती कुणालाही येतात. तू माणसं बघ. मागच्या बाकावरचा कोण खरंच ओकणार आहे आणि कोण नुसतं नाटक करतोय, हे मला आरशात बघून कळतं. इथेही तेच."

"मग हरतेस कशी?"

"कधीकधी नाटक करणाराही ओकतो गं."

एकदा मला घरी सोडताना तिने गाडी माझ्या दारात उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. म्हणाली, "पहिल्या दिवशी नशिबावर कुणीही टिकतं. दुसऱ्या दिवशी खुर्चीत असतात ते खेळणारे. मला जिंकायचं नाही, कॉलेज. त्यांच्यात एकदा बसायचंय. तिथे कुणाला माहीत नसेल मी काय चालवते. एकदा बसले की मग खुशाल घरी पाठवा."

मग आजवर तू का टिकली नाहीस, हे मी विचारलं नाही. ती बर्फाकडे बघत होती.

यंदा मार्चमध्ये ती सहाव्यांदा गेली. शनिवारी मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीबाहेर उभी राहून बघत होते. दुपारी तिच्याकडे राण्यांची जोडी होती. समोर हिरव्या टोपीतला एक जाडा माणूस होता. त्याने आपल्या सगळ्या चिप्स, म्हणजे खेळातल्या पैशांच्या चकत्या, पुढे सरकवल्या. डोरीनने वर भिंतीकडे पाहिलं आणि दोन्ही राण्या उताण्या टाकून दिल्या. त्याने आपली पानं उलटली. राजांची जोडी. टेबलावरच्या एकाने हळूच शिट्टी वाजवली.

"ओकणार होता," ती नंतर मला म्हणाली.

सात वाजता पहिल्या दिवसाचा खेळ थांबला. तिच्या चिप्स एका पारदर्शक पिशवीत भरल्या, पिशवी चिकटवली, वर तिचं नाव लिहिलं. ती पिशवी दोन्ही हातांत धरून उभी राहिली. पिशवी परत मागायला आलेल्या माणसाला तिने विचारलं, "उद्या मिळेल ना मला?"

तो हसला. "बारा वाजता, मॅडम. तुमच्या खुर्चीसमोर."

दोन तासांचा रस्ता होता, तरी ती घरी गेली. स्वतःच्या उशीशिवाय तिला झोप येत नसे. मी तिथेच राहिले.

रविवारी बारा वाजता चिप्स तिच्या खुर्चीसमोर होत्या. ती नव्हती. बारा वीसला तिची बहीण लॉइसचा फोन आला.

"डोरीन गेली गं. सकाळीच. स्वयंपाकघरात, टेबलाशी बसल्या बसल्या. कोट अंगात होता."

मी फोन खिशात ठेवला. पुन्हा टेबलाकडे बघत राहिले. 

या स्पर्धेत न आलेल्या माणसाचा खेळ थांबवत नाहीत. त्यालाही पत्ते वाटतात आणि लगेच पालथेच परत घेतात. दर फेरीत पाळीपाळीने दोघांना पानं बघण्याआधीच थोड्या चिप्स मधे टाकाव्या लागतात. रिकाम्या खुर्चीची पाळी आली की वाटणारी बाई डोरीनच्या ढिगातून त्या काढायची. ढीग उतरत होता. मी तिथून गेले असते तर त्या चिप्सपाशी आमचं कुणीच उरलं नसतं.

"या बाई येणारेत की नाही?" हिरव्या टोपीवाला म्हणाला. "काल माझ्या राजांसमोर राण्या टाकल्या यांनी. रात्रभर तेच डोक्यात होतं. त्या आल्या ना, की मला दुसरीकडे बसवा."

"त्या येणार नाहीत," मी दोरीबाहेरून म्हणाले. "आज सकाळी वारल्या."

पत्ते पिसणारे हात थांबले. टोपीवाल्याने टोपी काढली, थोडा वेळ धरली, परत घातली. शेजारचा पोरगेलासा खेळाडू म्हणाला, "आपण त्यांच्या चिप्स घ्यायला नको. सगळ्यांनी ठरवू या."

"असं ठरवता येत नाही," वाटणारी बाई हळू आवाजात म्हणाली. "नियमात बसत नाही."

पुढच्याच फेरीत डोरीनच्या चिप्स मधे पडल्या. हिरव्या टोपीवाल्याने मोठी बोली लावली, बाकीच्यांनी पानं टाकली आणि त्याने त्या ओढून घेतल्या. मला त्याचा राग आला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "काल बघितलं मी त्यांना. त्यांनीही कुणाचं सोडलं नसतं."

"नसतंच सोडलं," मी म्हणाले.

तासाभराने टोपीवाल्याकडे दोन एक्के आले. समोर त्या पोरगेल्याची नव्व्यांची जोडी. दोघांनी सगळं लावलं. मधे सगळ्यांसाठी उघडलेलं शेवटचं पान तिसरी नव्वी निघालं. टोपीवाला उठला, खुर्ची नीट आत सारली. जाताना माझ्यापाशी थांबला.

"तुमच्या बाई अजून आहेत," म्हणाला आणि गेला.

पावणेचारला वाटणारीने डोरीनच्या उरलेल्या दोन चिप्स मधे ठेवल्या. त्या खुर्चीपुढे दोन पानं टाकली. ती पालथीच परत घेतली. मला ती पानं बघायची होती. मी मागितली नाहीत. त्या दिवशी तिथे बसून खेळलेले एकोणतीस जण तिच्याआधी हरून उठले होते. ऑझी याला नशीब म्हणेल, ते मला माहीत होतं. आणि तिला हे आवडलं नसतं, तेही. मी बसलेच नाही तर तो दिवस माझा कसा, म्हणाली असती.

मी ऑरोराला पोचले तेव्हा लॉइस स्वयंपाकघरात एकटीच होती. टेबलावर चष्मा होता, गार कॉफी होती, एक पेन आणि शाळेच्या बस-ऑफिसचा छापील कागद. लॉइसने तो माझ्याकडे सरकवला.

"हे काय गं? हिने तर जन्मात कधी रजा घेतली नाही."

रजेचा अर्ज होता. नाव भरलेलं, बसचा नंबर भरलेला. तारीख सोमवारची. सोमवार म्हणजे स्पर्धेचा तिसरा दिवस. खाली 'रजेचं कारण' यापुढे तिने 'आजारी' लिहिलं होतं आणि दोनदा खोडलं होतं. त्यापुढची ओळ कोरी होती.