खोडदच्या विहारातून गेलेली पत्रे

त्या वर्षी माझी श्रद्धा फार पातळ झाली होती. रविवारी विहारात वंदना म्हणताना ओठ हलत, मन मात्र शाळेतील न तपासलेल्या वह्यांमध्ये गुंतलेले असे. अशातच पुण्यातील एका धम्म मेळाव्यात एका कार्यकर्त्याने माझ्या हाती पत्रक ठेवले. त्यात तिबेटमधील एका तरुण भिक्षुणीची हकिगत होती. आपल्या गुरूंचा धिक्कार लिहून देण्यास तिने नकार दिला, म्हणून तेथील साम्यवादी सरकारने तिला तुरुंगात टाकले होते, आणि तिथे तिची प्रकृती ढासळत चालली होती. तिच्या सुटकेसाठी देशोदेशींचे लोक पत्रे लिहीत होते. ती सारी पत्रे युरोपात भरणाऱ्या मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय सभेपुढे ठेवली जाणार होती. मला कोणालाच नकार देता येत नाही. केवळ त्यामुळे मी ते पत्रक घेतले.

आमच्या खोडदच्या विहारातील बायका साक्षरता वर्गात माझ्याच हाताखाली लिहायला शिकल्या होत्या. त्यांनी पत्रे लिहिण्याचे आनंदाने कबूल केले. पण त्यांची वेडीवाकडी अक्षरे परदेशी लोकांपुढे जाणार, या विचाराने मला संकोच वाटला. मी सर्वांच्या नावाने माझ्याच वळणदार अक्षरात पत्रे लिहिली आणि त्यांच्याकडून फक्त सह्या घेऊन पाकीट त्या कार्यकर्त्याकडे पाठवले. या कृत्याला मी तेव्हा सेवा समजत होते.

सभेच्या आधीच्या गुरुवारी ते पाकीट परत आले. सोबत त्या कार्यकर्त्याची चिठ्ठी होती: सर्व पत्रे एकाच हाताची आहेत, ती बनावट ठरतील आणि इतरांच्या खऱ्या पत्रांवरही संशय येईल, ज्याने त्याने आपल्या भाषेत, आपल्या हाताने लिहावे. सभा पुढच्या बुधवारी होती. माझ्या टापटिपीपायी त्या आजारी मुलीच्या वाटेत मीच आडवी आले होते. रविवारी वंदनेनंतर मी हे कसेबसे सर्वांना सांगितले.

कांदा काढणीच्या कामाने हात काळे झालेल्या कौसाबाई पुढेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे बाई, तुमाला आमच्या अक्षराची लाज वाटली व्हय?"

मी मान खाली घातली.

"बरं, ऱ्हाऊ द्या. कागद आना."

दोन तास विहारात सगळ्या जणी कागदावर वाकून लिहीत होत्या. कौसाबाईंनी लिहिले होते: "माझा बाप देवळाच्या पायरीखाली उभा राहून मेला. मी माझ्या विहारात बसते. मला कोन उठवत न्हाई. तिला बी बसू द्या." ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढची ओळ पुसट झाली.

पत्रे तयार झाली, पण टपालाने ती बुधवारपर्यंत युरोपात पोहोचणे अशक्य होते. आम्ही पत्रे पाकिटात भरून नुसत्या बसलो होतो. तेवढ्यात विहारासमोर गावाजवळच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या संशोधन केंद्राची जीप थांबली. इंजिन तापले होते आणि गावातलाच चालक पाणी मागायला आला. मागे एक वयस्कर परदेशी पाहुणे बसले होते. चालक म्हणाला, "पावण्यांना मुंबईला सोडायचंय. रातच्या इमानानं घरी चाललेत, तिकडं युरोपात." मी चाचरत सभेच्या शहराचे नाव सांगितले आणि चालकाने पाहुण्यांना विचारले. सभेच्या शहरापासून त्यांचे घर दोन तासांच्या रेल्वेप्रवासावर होते.

तरीही माझे पाऊल उचलेना. परक्या पुरुषाशी इंग्रजीत मी आयुष्यात बोलले नव्हते.

"इंग्रजी काय नुसतं पोरांना भ्या दावायला शिकलात का?" कौसाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मला अक्षरशः पुढे लोटले.

मी अडखळत सारे सांगितले आणि पाकीट सभेत पोहोचवाल का, असे विचारले. पाहुण्यांनी एखादे पत्र वाचून दाखवायला सांगितले. मी कौसाबाईंचे पत्र त्यांना इंग्रजीत ऐकवले. मग त्यांनी पाकीट सामानात न टाकता कोटाच्या आतल्या खिशात ठेवले आणि विहाराकडे वळून हात जोडले.

पावसाळा संपता संपता कार्यकर्त्याचे पत्र आले. पाकीट मंगळवारीच पोहोचले होते. कौसाबाईंच्या चार ओळी भाषांतर करून सभेत वाचल्या गेल्या होत्या. आणि भिक्षुणी शिक्षेची मुदत संपण्याआधीच सुटली होती. मी विहारात ते मोठ्याने वाचले, माझ्या त्या आवाजाने मीच चकित झाले. "साधु, साधु, साधु" असा घोष इतका दणदणीत झाला की रस्त्यावरची माणसे दारात येऊन उभी राहिली. कौसाबाईंनी डोळे पुसले आणि एवढेच विचारले, "तिची आई हाये का जित्ती? मंग तिला आज झोप लागंल."

तुरुंगाचे दार कोणाच्या पत्राने उघडले, हे मला ठाऊक नाही. हजारो हात त्या दाराला लागले होते. आमच्या धम्मात वर बसून कृपा करणारा कोणी नाही. म्हणून ती जीप नेमकी तेव्हाच का तापली, याला काय नाव द्यावे हे मला आजही कळत नाही. मी फक्त कृतज्ञ आहे. शरण जाणे म्हणजे डोळे मिटून बसणे, असे मी समजत असे. त्या रविवारी समजले की आपले काम आपल्यापेक्षा खऱ्या हातांत सोपवून बाजूला होणे, हेही शरण जाणेच आहे.