आलमारीतले मास्क

दोन हजार नऊ साली स्वाइन फ्लू आला तेव्हा आमच्या वर्ध्यात मास्क मिळत नव्हते. कारण विचारलं की जो तो पश्चिमेकडे बोट दाखवायचा. पुण्या-मुंबईनं सगळा माल उचलला, आपल्या वाट्याला काय येणार? हे खोटं नव्हतं, पण अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं मला ठाऊक आहे, कारण त्या मास्कांपायी नालवाडीतल्या आमच्या गल्लीतलं एकेक घर मी पालथं घातलं होतं.

आमचं कटलरी-स्टेशनरीचं दुकान. बांगड्या, रिबिनी, वह्या, पेनं. हे दिवसभर दुकानात असायचे आणि मी घरचं आटोपून दुपारी गल्ल्यावर बसायची. घरात सासूबाई होत्या, त्यांना मी आईच म्हणायची. बाई मनानं चांगली, माझ्याशी कधी वाकडं वागली नाही. पण एक खोड भारी होती. नवी वस्तू घरात आली की तिला आधी हळदकुंकू लागायचं, आणि मग ती जी आलमारीत जायची ती जायचीच. "राहू दे, कामाच्या वेळी लागन," असं म्हणून आई किल्ली कमरेला खोचायच्या. ही कामाची वेळ नेमकी कोणती, हे मला इतकी वर्षं सून म्हणून नांदूनही कळलं नव्हतं. आम्ही कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचो आणि नवे कोरे कप आत आरामात झोपलेले असायचे.

माझी नणंद म्हणजे आईंची एकुलती एक लेक. एका दवाखान्यात सिस्टर होती आणि लग्न होऊन पिपरी मेघेला राहायची. माझ्याहून लहान, पण नणंद म्हणून ताई. आमचं छान जमायचं. आईंबद्दल मनमोकळी तक्रार करायला मला तिच्याशिवाय आणि तिला माझ्याशिवाय दुसरं माणूसच नव्हतं.

पोळा झाला आणि एका दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, "वहिनी, मले त्या स्वाइन फ्लूच्या वार्डात टाकलं. आईले सांगजो नको. तिले झोप नाई लागणार." मी शब्द दिला. मग विचारलं, तोंडाला काय लावतेस? तर हसायला लागली. चांगला मास्क एकच मिळाला होता. घरी जाताना तो कागदाच्या पाकिटात ठेवायचा आणि सकाळी पुन्हा तोच चढवायचा. नवे मागवले होते, पण येईपर्यंत आहे तो पुरवून वापरा असं सगळ्यांनाच सांगितलेलं. एका बाजूची इलॅस्टिक सैल झाली म्हणून तिनं तिला गाठ मारली होती, आणि हे ती मला गंमत म्हणून सांगत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवर तिलाच चार शब्द सुनावले, जसे काही तिनंच मास्क लपवून ठेवले होते. माझं असंच आहे. काळजी वाटली की मला आधी राग येतो आणि समोर जो असेल त्याचं खरं नसतं.

तशीच पायात चप्पल सरकवून मी बाजारात गेले. पहिल्या मेडिकलवाल्यानं नाही म्हटलं, दुसऱ्यानं तर प्रश्न पूर्ण होऊ दिला नाही. तिसरा यांच्या ओळखीचा होता, त्यानं मला पंख्याखाली बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. हे मास्क म्हणे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांपुरतेच बनायचे. कारखाने मोजके आणि त्यांची मशीनंही मोजकी. आता एकदम साऱ्या देशाला पाहिजेत तर आणायचे कुठून? नवं मशीन घालायला कोणी तयार होत नव्हतं, कारण साथ दोन महिन्यांत निघून गेली तर त्या मशीनवर काय पापड लाटायचे? नागपूरचा ठोकवाला तर त्याचा फोनच उचलत नव्हता.

एवढं सांगून तो काउंटरवरून पुढे वाकला. "तरी मी मागच्या हप्त्यात खोकंभर विकले, वहिनी. जरा रस्त्यावर पहा बरं. एकाच्या तरी तोंडाले मास्क दिसते का तुम्हाले?"

मी पाहिलं. कोणी नाकावरून दुपट्टा गुंडाळलेला. स्कूटीवरच्या पोरी नेहमीसारख्या स्कार्फमध्ये, नुसते डोळे बाहेर. पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणं चालू होतं आणि तिथल्या सगळ्यांचे गाल फुगलेले. मास्क कुणाच्याच तोंडावर नव्हता. मग खोकंभर मास्क गेले कुठे, या विचारात मी घरी आले.

उत्तर घरातच बसून भेंडी चिरत होतं. मी आईंजवळ सहज विषय काढला की बाजारात मास्क मिळत नाहीत म्हणे. आई विळीवरून मानसुद्धा न उचलता म्हणाल्या की आपल्याकडे आहेत ना, लहान्यानं पुण्याहून पाठवले. माझ्या दिरानं कोणाच्या तरी हाती चांगल्यातल्या मास्कांचं अख्खं पाकीट पाठवलं होतं. आईंनी ते घेतलं आणि आलमारीत ठेवलं. घरात त्याचा उच्चारही केला नव्हता.

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यापुढं हातच पसरला. आईंनी विचारलं, "कायले पाहिजे?" आता आली का पंचाईत. ताईला शब्द दिलेला. दुकानात बसताना लावायला पाहिजे, असं मी काहीतरी बोलले. त्यावर आई म्हणाल्या की दुकानात किती धूळ असते, चांगली वस्तू खराब होऊन जाईल. आणि पुढचं वाक्य मला पाठच होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी गल्ली धरली. शेजारच्या काकूंकडे मास्क होते. देवघरात, देवाच्या पाटाशेजारी ठेवलेले आणि वरच्या मास्कला कुंकवाचं बोट लावलेलं. ते पाहून मला काही मागवेना. पलीकडच्या मास्तरीणबाईंनी मास्तरांसाठी घेतले होते, पण मास्तरांच्या तोंडात अष्टौप्रहर खर्रा. मास्क लावला तर थुंकायचं कुठं, असा त्यांचा सवाल होता. तरी बाई ते द्यायला तयार नव्हती. उद्या यांनी खर्रा सोडला तर, म्हणे. मास्तर खर्रा सोडतील यावर त्या माउलीचा अजून विश्वास होता, याचं मला कौतुक वाटलं.

तिसऱ्या घरी तर कमालच झाली. आपल्याकडे ओटीतला ब्लाऊज पीस कसा कधी शिवला जात नाही, या घरातून त्या घरात फिरत राहतो, तसं मास्कांचं एक पाकीट गल्लीत फिरत होतं. यवतमाळच्या पाहुण्यांनी ते एकीला दिलं, तिनं दुसरीला, दुसरीनं बाळंतिणीला भेटायला जाताना तिसरीला. तीन घरं फिरूनही ते उघडलेलं नव्हतं. मला वाटलं, साथ संपेपर्यंत हे पाकीट पार गिरडच्या दर्ग्यावर जाऊन परत येईल, पण कुणाच्या नाकाला काही लागणार नाही. आणि जिथं जिथं मागितलं तिथं एकच प्रश्न, तुले कायले? खरं सांगावं तर तासाभरात ते आईंच्या कानावर गेलं असतं.

अशात महालक्ष्म्या आल्या. महालक्ष्म्या म्हणजे ज्येष्ठागौरी, आमच्याकडचा मोठा सण, घरात पाय ठेवायला जागा नसते. पूजेच्या दिवशी सकाळी आईंनी आपणहून आलमारी उघडली, पाकीट काढलं आणि एक मास्क माझ्या हातावर ठेवला. माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच म्हणाल्या की यंदा हवा वाईट आहे, नैवेद्याच्या पुरणावर आपला श्वास पडायला नको. म्हणजे कामाची वेळ उगवली होती. ती स्वयंपाकघरात उगवली होती.

त्या सकाळी आईंनी स्वतः एक चढवला आणि मी माझा लावून पुरण हाटलं. वाफेनं तो ओला झाला, हळदीनं पिवळा झाला, आणि मी आतल्या आत धुमसत राहिले. शेजारच्या काकू काही मागायला आल्या, त्यांनी आम्हा दोघींना पाहिलं आणि ही सुधारणा त्यांना फार पटली. दुपारपर्यंत ज्या ज्या घरी महालक्ष्म्या होत्या, तिथली एकेक बाई मास्क लावून करंज्या-पापड्यांचा फुलोरा तळत होती. जे मास्क माणसांसाठी बाहेर निघाले नाहीत ते पुरणासाठी निघाले. हसावं की डोकं आपटून घ्यावं, मला समजेना.

संध्याकाळी हळदीकुंकवाला सगळ्या जमल्या. ताई आली नव्हती. दरवर्षी ती आदल्या दिवशीच यायची, महालक्ष्म्यांना साड्या तीच नेसवायची. काकूंनी विचारलं, लेक नाई दिसत? आईंनी तोंड वाकडं केलं. सुट्टी नाही म्हणते, म्हणाल्या, फोनवर धड दोन मिनिटं बोलत नाही. मग सगळ्यांसमोर त्यांचा पट्टा सुरू झाला. पगाराची झाली ना आता, घरच्या महालक्ष्म्यांची तिला काय पडली आहे, मायची आठवण कायले येईन तिले.

मी कुंकवाची कोयरी घेऊन उभी होते. ती मी खाली ठेवली.

"ती त्या वार्डात आहे, आई," मी म्हणाले. "स्वाइन फ्लूच्या. तुम्हाले त्रास होईन म्हणून सांगू देत नव्हती. इथं आली तर तुम्हालेच लागन, म्हणून येत नाई. अन् एकच मास्क रोज रोज लावून राह्यली ती, गाठ मारून."

आई खाली बसल्या. मला वाटलं आता रडतील, माझ्यावर ओरडतील, इतके दिवस का लपवलं म्हणून विचारतील. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि माझ्याकडे दिली.

मी पाकीट आणेपर्यंत अर्ध्या बाया निघून गेल्या होत्या. प्रसादही न घेता गेल्या म्हणून मला वाईट वाटलं. पण मग एकेक परत यायला लागली. काकूंनी देवघरातले आणले, कुंकू पुसून. ते फिरणारं पाकीट ज्या घरी मुक्कामाला होतं तिथून आलं. मास्तरीणबाई तर सगळेच घेऊन आल्या आणि म्हणाल्या की यांचा खर्रा काही सुटत नाही, आता मी मानलं. तेव्हा कुठे सगळ्या हसल्या आणि आईंच्या जिवात जीव आला. सासुरवाशीण लेक सणाला आली नाही तर तिची ओटी घरी पाठवायची आमची रीत आहे. आईंनी महालक्ष्म्यांपुढं नारळ, खण आणि तांदूळ मांडले आणि आमचं पाकीट अन् बायांनी आणलेले सगळे मास्क त्यात ठेवले. वरून हळदकुंकू वाहायला त्यांचा हात निघाला, तो मी वेळेवर धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी ऑटोनं दवाखान्यावर गेलो. येण्याआधी ताईशी बोलणं झालं होतं. तिनं अट घातली होती की आईनं ऑटोतून उतरायचं नाही. आई अर्थातच उतरल्या. ताई फाटकाच्या आत, पार लांब येऊन उभी राहिली. तोच मास्क, तीच गाठ. हात वर करून म्हणाली, "तिथंच थांब, आई." आई थांबल्या. मी पिशवी फाटकापाशी ठेवून मागे आले. ताईनं येऊन ती उचलली आणि आत डोकावली.

"आईले सांगूनच टाकलं ना तू," ती मला म्हणाली. मी हो म्हटलं. ती रागावली नाही. एवढे मास्क पाहून तिचे डोळे मोठे झाले. म्हणाली, आमच्या सगळ्या सिस्टरांना पुरतील, अन् जपून वापरले तर दसऱ्यापर्यंत जातील. शेवटी लेक कोणाची!

तेव्हा आई बोलल्या. "जपू नको. आत्ता घाल. माह्यासमोर घाल."

ताईनं तिथंच, दूर उभ्यानं, तोंडावरचा मास्क काढला. नाकावर आणि दोन्ही गालांवर लाल वळ उठले होते. चेहरा उतरला होता, पण ती हसत होती. आईंनी कितीतरी दिवसांत तिला पाहिलं नव्हतं. मग तिनं नवा मास्क चढवला, नाकाजवळ नीट दाबला आणि पुन्हा नुसते डोळे उरले. ऑटोवाल्यानं गाडी सुरू केली.

मी आईंचा हात धरून वळवायला गेले तर त्या हलेनात.

"तो बराबर नाई बसला," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "काढ, अन् दुसरा घाल."

चांगला बसला होता. मला दिसत होतं, ताईलाही माहीत होतं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि आईंसाठी तो पुन्हा काढला.