आईचा वार

आई कापड नाकापासून ताणलेल्या हाताच्या बोटांपर्यंत धरून वार मोजायची. वडील इंजिनीयर, ते लगेच टेप लावून सांगायचे, "तुझा वार चार इंच कमी भरतो." मला त्यांचा भयंकर राग यायचा.

आई गेली तेव्हा तिला नेसवायला नऊवारी हवी होती. आमच्या हिंदी मुलखात, अशोका गार्डनच्या बाजारात, ती तयार मिळेना, म्हणून दुकानदाराने हिरव्या कापडाचं ठाण उलगडलं. "नौ वार मतलब कितने मीटर?" त्याने विचारलं.

वडील पुढे झाले. मग त्यांनी कापड नाकाशी धरलं, हात लांबवला आणि आईच्या हाताएवढा व्हावा म्हणून कोपरात जरा वाकवला. नऊच्या नऊ वार त्यांनी चार-चार इंच कमीच मोजले.