फलाटावरच्या मिरच्या

आत्याच्या गावाला जाणारी छोटी गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली. आत्याही आता नाही. परवा त्या बाजूला गेलो होतो, म्हणून स्टेशनात डोकावलो. तिकिटाच्या खिडकीतून बाभूळ बाहेर आलेली, पण फलाट मात्र लख्ख झाडलेला आणि त्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. स्टेशन कुणी बळकावलं की काय, अशी मला शंका आली.

मिरच्या राखत बसलेल्या बाईंना माझीच शंका आली.

"जागा मोजायला आलाव व्हय?"

"नाही मावशी, नुसतं बघायला."

"रूळ उपटून नेले, त्ये बी आधी नुस्तं बघायलाच आलते. बाकडी नेणारे बी."

फोटोसाठी काढलेला मोबाइल मी मुकाट्याने खिशात ठेवला. या गावाने कुणाच्या बघण्यावर विश्वास ठेवावा तरी कशाला?

निघालो. वळणावरून मागे पाहिलं, तर मावशी फलाटाच्या कडेला उभ्या होत्या. सुट्टी संपली की आत्या तिथेच उभी राहायची, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. मी जाऊ नये असं तिला वाटायचं. मावशी मात्र मी नक्की गेलो ना, ते बघत होत्या.